पाच पिनांचा तह

आपल्या दिवाळी अंकात इतिहास म्हटला की किल्ले, बखरी, पेशवाई, नाहीतर मंडळाची आजवरची वाटचाल असा साधारण शिरस्ता असतो. मलाही ते सगळं वाचायला आवडतं. पण मी पडलो कॉम्प्युटरवाला. दुसऱ्यांच्या कंपन्यांमध्ये जायचं आणि ‘ही सिस्टिम त्या सिस्टिमशी का बोलत नाही’ हे शोधून काढायचं, हा माझा रोजचा धंदा. म्हणून यंदा एका वेगळ्याच तहाचा इतिहास सांगतो. हा तह करणारे एकमेकांचे बाजारातले स्पर्धक होते. त्यात कुणी कुणाला खंडणी दिली नाही. आणि १९८३ साली झालेला हा तह आजतागायत कुणी मोडलेला नाही. आपल्या बे एरियातल्या मंडळींना आणखी एक गंमत म्हणजे, त्याचा पहिला मसुदा आपल्याच सॅन होजेमधला!

या तहाचं नाव मिडी. पूर्ण नाव म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस. एका वाद्याने दुसऱ्या वाद्याशी, किंवा वाद्याने कॉम्प्युटरशी, कसं बोलायचं याचे हे नियम. तुमच्या मुलाचा कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडलेला असेल, तर तुमच्या घरात हा तह रोज पाळला जातो आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. जातात त्या फक्त सूचना. ‘अमुक सूर दाबला, एवढ्या जोराने दाबला, आता सोडला.’ भातखंडे किंवा पलुस्करांची स्वरलिपी आठवा. कागद स्वतः गात नाही, गाणारा तो वाचून गातो. मिडी ही यंत्रांची स्वरलिपी आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तहापूर्वीची भाऊबंदकी

सत्तरच्या दशकात सिंथेसायझर बाजारात आले तेव्हा प्रत्येक कंपनीचं घराणं वेगळं होतं. सूर किती उंच हे विजेच्या दाबावरून ठरायचं. मूगची पद्धत अशी की एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. रोलंड आणि सीक्वेन्शियल सर्किट्सही तीच पद्धत वापरायचे. पण यामाहा आणि कोर्गच्या बऱ्याच वाद्यांत दाबाचा हिशेब वेगळा होता. एका कंपनीचं वाद्य दुसऱ्याला जोडलं की एक भूप गायचा आणि दुसरा भलतंच काहीतरी.

पुढे वाद्यांत मायक्रोप्रोसेसर आले. १९७८ साली सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-५ आला. त्यात एक छोटा कॉम्प्युटरच बसवलेला होता, त्यामुळे तयार केलेला आवाज साठवून ठेवता यायचा. मग कंपन्यांनी आपापल्या डिजिटल वायरी काढल्या. रोलंडची वेगळी, ओबरहाइमची वेगळी. म्हणजे भांडण मिटलं नाही, फक्त आधुनिक झालं.

याच काळातली एक मुंबईची गोष्ट सांगायलाच हवी. १९८२ साली चरणजीत सिंग या हिंदी चित्रपटसृष्टीत वाजवणाऱ्या कलाकाराने मुंबईत ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. त्यात रोलंडची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. तेव्हा मिडी बाजारात यायचा होता. ३०३ आणि ८०८ एका लयीत चालवायला रोलंडची स्वतःची एक वायर होती, आणि तिचं टोक हुबेहूब पुढच्या मिडीसारखं, तेच पाच पिनांचं! पण रोलंडची लय जायची एक आणि तीन नंबरच्या पिनेवरून, तर मिडी चालतो चार आणि पाचवर. आजही कुणी जुनं यंत्र विकत घेतो, सॉकेट बघून मिडीची वायर खुपसतो आणि काहीच का होत नाही म्हणून डोकं धरून बसतो. जुन्या यंत्राच्या बाबतीत पहिला नियम हाच. सॉकेटचा आकार बघून भुलायचं नाही, त्याच्याखाली काय लिहिलंय ते वाचायचं.

तह कसा झाला

या गोष्टीत माणसं मुख्यतः दोन. पहिले इकुतारो काकेहाशी. जन्म १९३०, गाव ओसाका. १९७२ साली त्यांनी रोलंड कंपनी काढली. दुसरे डेव्ह स्मिथ. बर्कलीला कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि १९७४ साली त्यांनी सीक्वेन्शियल सर्किट्स सुरू केली. ऐंशीच्या दशकात या कंपनीचा पत्ता होता नॉर्थ फर्स्ट स्ट्रीट, सॅन होजे. आपल्यातले कितीतरी जण लाइट रेलच्या बाजूने रोज त्या रस्त्यावरून ऑफिसला जातात.

१९८१ च्या जूनमध्ये नॅम नावाच्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात काकेहाशींनी अमेरिकन मंडळींकडे विषय काढला, की सगळ्यांची मिळून एकच भाषा का नसावी? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेव्ह स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वुड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात एक मसुदा मांडला. नाव होतं युनिव्हर्सल सिंथेसायझर इंटरफेस. त्यात वेग होता सेकंदाला १९,२०० बिट, आणि गिटारला लावतात तसा साधा जाड जॅक.

बऱ्याच अमेरिकन कंपन्यांनी या मसुद्यात फारसा रस घेतला नाही. जपानकडून मात्र चार कंपन्या पुढे आल्या: रोलंड, यामाहा, कोर्ग आणि कवाई. पुढचं दीड वर्ष सॅन होजे आणि जपान यांच्यात मसुदे जात-येत राहिले. वेग वाढून ३१,२५० बिट झाला. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे काटकसर आहे. त्या काळच्या सर्किटमधल्या १० लाख ठोक्यांच्या घड्याळाला ३२ ने भागलं की बरोबर ३१,२५० येतात, वेगळा महागडा भाग लागत नाही. जॅकच्या जागी पाच पिनांचं सॉकेट आलं. दोन वाद्यांचा विजेचा संबंध तोडून मधे प्रकाशाने निरोप देणारा एक छोटा भाग बसवला, म्हणजे एका वाद्याची गुणगुण दुसऱ्यात शिरत नाही.

जानेवारी १९८३ च्या नॅम प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका वायरीने जोडले. एकावर बोट ठेवलं, दुसरा वाजला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडी १.० चे नियम छापून प्रसिद्ध झाले.

आता यातला खरा मुद्दा. या नियमांवर कुणी पैसे लावले नाहीत. वाटेल त्याने वाचावेत, वाटेल त्याने वाद्य बनवावं. आमच्या धंद्यात आज ज्याला ओपन स्टँडर्ड म्हणतात, ते यांनी इंटरनेट घरोघरी पोचायच्या आधी करून दाखवलं.

मिडीत प्रत्येक कंपनीला एक नंबर असतो, म्हणजे खास त्या कंपनीच्या यंत्रासाठीचा निरोप ओळखता येतो. सीक्वेन्शियलचा नंबर एक. जपानच्या चौघांचे ओळीने चाळीस ते त्रेचाळीस (सोळाच्या हिशेबात): कवाई, रोलंड, कोर्ग, यामाहा. मंडळाच्या घटनेखाली संस्थापकांच्या सह्या असतात ना, तशा या सह्या. आज कुठलंही मिडी यंत्र उघडा, त्या तिथेच आहेत.

डेव्ह स्मिथ यांची कंपनी मात्र पुढे टिकली नाही. १९८७ मध्ये ती यामाहाकडे गेली. २०१३ साली काकेहाशी आणि स्मिथ या दोघांना मिडीसाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. २०१५ मध्ये यामाहाने ‘सीक्वेन्शियल’ हे नाव स्मिथ यांना परत केलं, आणि त्यासाठी शब्द टाकला होता काकेहाशींनी. म्हणजे एका स्पर्धकाने दुसऱ्या स्पर्धकाला सांगून तिसऱ्याचं नाव परत मिळवून दिलं! काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये.

सात बिटांचं गणित

थोडं गणित सांगतो, घाबरू नका. मिडीचा साधा निरोप तीन बाइटचा असतो. पहिला बाइट ‘काय करायचं आणि कुठल्या चॅनेलवर’ हे सांगतो. चॅनेल सोळा. पुढचे दोन बाइट आकडे सांगतात. पहिला बाइट कुठला हे ओळखता यावं म्हणून त्याचा सर्वांत वरचा बिट १ ठेवला आणि आकड्यांच्या बाइटचा ०. त्यामुळे आकड्यांसाठी आठपैकी सातच बिट उरले. सात बिटांत मावतात ० ते १२७, म्हणजे १२८ पायऱ्या.

एक बाइट पाठवायला आगेमागे एकेक बिट धरून दहा बिट लागतात. तीन बाइटचे तीस बिट. सेकंदाला ३१,२५० च्या वेगाने एका निरोपाला साधारण एक मिलिसेकंद. कीबोर्ड वाजवायला हे भरपूर आहे.

या १२८ पायऱ्या सुरांना पुरतात, पियानोच्या पट्ट्याच मुळी ८८. पण आवाज हळूहळू वरखाली करायचा असेल तर? गायक शेवटच्या सुरावर विरघळत जातो तिथे आवाज सावकाश उतरवला, तर १२८ पायऱ्यांचा जिना कधीकधी कानाला जाणवतो. १९८३ साली हे चालून गेलं. पुढे ते आडवं आलं, आणि तिथून या इतिहासाचा दुसरा अध्याय सुरू होतो.

हाताला काहीतरी हवं

नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रण टेपवरून कॉम्प्युटरमध्ये गेलं. पूर्वी रेकॉर्डिस्टसमोर खाटेएवढा मिक्सर असायचा. गाण्याची पट्टी वर, तबल्याची जरा खाली, दहाही बोटं कामाला. कॉम्प्युटरवर तोच मिक्सर चित्रासारखा दिसायला लागला आणि हातात राहिला एक उंदीर. माउसने एका वेळी एकच पट्टी हलते. दोन्ही हातांनी पेटी वाजवणाऱ्याला सांगावं की आता एकाच बोटाने वाजव, तसं झालं.

म्हणून कंट्रोल सरफेस आले. हा एक डबा असतो. त्यावर सरकवायच्या पट्ट्या म्हणजे फेडर, गोल खुंट्या आणि बटणं. आवाज या डब्यातून जातच नाही. पट्टी सरकवली की डबा कॉम्प्युटरला मिडीचा निरोप पाठवतो, आणि कॉम्प्युटर आपली चित्रातली पट्टी हलवतो. चांगल्या डब्यांत उलटंही होतं. पडद्यावरची पट्टी हलली की डब्यातली मोटर खरी पट्टी सरकवते.

१९९७ साली मॅकी कंपनीने डिजिडिझाइनबरोबर, त्यांच्या प्रो टूल्ससाठी, एचयूआय नावाचा असा डबा काढला. पुढे लॉजिक बनवणाऱ्या एमॅजिक कंपनीसाठी मॅकीने लॉजिक कंट्रोल केला आणि त्यातून मॅकी कंट्रोल आला. या दोन्ही बोलीभाषा इतक्या रुळल्या की इतर कंपन्यांचे स्वस्त डबेही त्याच बोलू लागले. आजसुद्धा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘मॅकी कंट्रोल’ आणि ‘एचयूआय’ ही नावं दिसतात, तुमचा डबा भलत्याच कंपनीचा असला तरी.

१२८ पायऱ्यांच्या अडचणीवर मॅकी कंट्रोलमध्ये एक देशी जुगाड म्हणावा असा उपाय केला. मिडीत सूर वाकवण्यासाठी पिच बेंड नावाचा निरोप आहे. त्यात दोन्ही बाइट मिळून १४ बिटांचा एकच आकडा जातो, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. मग फेडरची जागा पिच बेंडनेच पाठवायची! पहिला फेडर पहिल्या चॅनेलवर, दुसरा दुसऱ्यावर, असे आठ, आणि नववा मुख्य फेडर. निरोप जुनाच, अर्थ नवा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आमच्या मंडळाचा डबा

आमच्या मंडळाच्या सामानाच्या खोलीत २००५ च्या सुमाराचा असा एक डबा पडून होता. मोटरवाले आठ फेडर. कुणीतरी देणगी दिलेला. खोलीचं भाडं वाढलं तेव्हा समितीने ‘टाकून द्यायच्या वस्तू’ अशी यादी केली, त्यात तो होता. शेरा: चालत नाही.

त्याच सुमाराला आमच्यातले एक काका चाळीसेक कॅसेट घेऊन आले. ऐंशीच्या दशकात मंडळाच्या गणेशोत्सवात जे गाणं-भजन व्हायचं, ते एका हौशी सभासदाने चार ट्रॅकवाल्या कॅसेट रेकॉर्डरवर घेऊन ठेवलं होतं. गायक वेगळा, पेटी वेगळी, तबला वेगळा, हॉल वेगळा. काका स्वतः तेव्हा पेटीच्या साथीला असत. गाणाऱ्यांपैकी बरेच जण आता नाहीत. टेप कॉम्प्युटरवर चढवणं माझं काम. पण कुठे गायक वर घ्यायचा, कुठे पेटी मागे ठेवायची, हे कळणारे काकाच. आणि त्यांचा हात थरथरतो. माउसवर त्यांना पडद्यावरची ती बारकी पट्टी धरताच येईना. पाच मिनिटांनी ते म्हणाले, “अरे, राहू दे. तूच कर तुला जमेल तसं.” मला ते बरोबर वाटलं नाही. मी वर-खाली करीन, पण त्या मैफलीत मी नव्हतो.

म्हणून तो डबा घरी आणला. तो चालू करताना लक्षात आलं की त्याच्या प्रत्येक रुसव्यामागे एक तारीख आहे. तुमच्याही घरी असं काही पडलं असेल तर उपयोगी पडेल, म्हणून क्रमाने सांगतो.

पहिलं म्हणजे वीज. मोटरला ताकद लागते. ज्या डब्याला स्वतःचा अडॅप्टर आहे त्याला तोच लावायचा, आणि यूएसबीची वायर मधे हब न घालता थेट कॉम्प्युटरला.

दुसरं, कॉम्प्युटरला तो दिसतो का? १९९९ साली यूएसबीवरून मिडी कसा न्यायचा याचे नियम ठरले. ते पाळणाऱ्या डब्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. म्हणूनच वीस वर्षांचा डबा नव्या कॉम्प्युटरला लावला तरी ओळखला जातो. आमचाही ओळखला गेला. याच काळातला घरचा स्कॅनर मात्र मी केव्हाच टाकून दिला, कारण त्याचा ड्रायव्हर फक्त त्या कंपनीकडे होता आणि कंपनीने हात वर केले. सर्वांनी मिळून पाळायचा तह आणि एका सरदाराची मर्जी, यांतला फरक तो हा. याच नियमांत एका वायरीत सोळा वायरी असल्याचं मानता येतं. त्यामुळे एका डब्याची दोन-तीन पोर्ट दिसू शकतात. आठ फेडर कुठल्या पोर्टवर आहेत ते बघून घ्यायचं.

तिसरं, डबा बोलतोय काय? यासाठी फुकट प्रोग्रॅम मिळतात. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर. फेडर हलवला की निरोपाचे आकडे ओळीने दिसतात. डॉक्टर नाडी बघतात तसं हे. आमचा डबा पिच बेंड नव्हे, तर साधे कंट्रोल चेंज निरोप पाठवत होता. म्हणजे तो १९८३ ची साधी मिडी बोलत होता आणि सॉफ्टवेअर मॅकी कंट्रोलची वाट बघत होतं. बऱ्याच डब्यांना, चालू करताना ठरावीक बटण दाबून ठेवलं की बोली बदलता येते. कुठलं ते माहितीपुस्तकात असतं. ते केल्यावर पिच बेंडचे आकडे दिसू लागले. एक काळजी घ्यायची. विंडोजवर बऱ्याच जुन्या ड्रायव्हरची सवय अशी की एका प्रोग्रॅमने पोर्ट धरलं की दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून नाडी बघून झाली की तो प्रोग्रॅम बंद करूनच ऑडिओ सॉफ्टवेअर उघडायचं.

चौथं, जाणं आणि येणं. १९८३ च्या वायरीतून निरोप एकाच दिशेने जायचा. जायला एक वायर, यायला दुसरी. आज यूएसबीची वायर एकच असली तरी सॉफ्टवेअर अजून इनपुट आणि आउटपुट वेगवेगळे विचारतं. आधी कुणीतरी आमच्या डब्याचं इनपुट लावून आउटपुट रिकामं ठेवलं असावं, कारण ‘चालत नाही’ या शेऱ्याचा अर्थ एवढाच होता की मोटर हलत नाही. फेडर सरकवला तर पडद्यावर हलतो, पण उलट नाही, असं दिसलं की आउटपुट तपासायचं. एचयूआय बोलीत तर हे फारच महत्त्वाचं. तिथे सॉफ्टवेअर दर सेकंदाला ‘आहेस का?’ विचारतं आणि डब्याला ‘आहे’ म्हणावं लागतं. एक दिशा तुटली की संवादच बंद. आणि डबा मॅकी बोलतोय नि सॉफ्टवेअरमध्ये एचयूआय निवडलंय असं असेल, तर मराठी-कानडी संसार होतो. काही बटणं चालतात, फेडर वेड्यासारखे वागतात.

पाचवं, एकाच डब्याला दोन दारांतून आत घेऊ नका. सेटिंगमध्ये डबा कंट्रोल सरफेस म्हणून लावला की साध्या मिडी इनपुटच्या यादीतून काढायचा. क्युबेसमध्ये ‘इन ऑल मिडी इनपुट्स’ची खूण काढावी लागते, रीपरमध्ये मिडी डिव्हाइसच्या यादीत ते इनपुट बंद ठेवायचं. नाहीतर काय होतं? तुम्ही सारंगीचा किंवा व्हायोलिनचा आवाज कीबोर्डवर रेकॉर्ड करता, मधे तबल्याचा फेडर उचलता, आणि व्हायोलिन बेसूर होतं. कारण मघाशी सांगितलेला तो जुगाड. फेडरचा निरोप मुळात सूर वाकवायचाच!

इथवर झालं आणि चार फेडर खर्रकन आपापल्या जागी गेले. काकांनी दचकून हात मागे घेतला. “अरे, हा आपणहून उठला की!”

पण एक दुखणं राहिलं. काका फेडर वर नेत आणि तो हाताखाली थरथरत परत यायला बघे. असल्या डब्यांत फेडरच्या टोपीला बोट लागलं की तो कॉम्प्युटरला कळवतो, ‘माणसाने धरलंय, मोटर सोड.’ मॅकी कंट्रोल बोलीत हा निरोप सुराचाच असतो, १०४ नंबरपासून पुढचे सूर. नाडीच्या प्रोग्रॅममध्ये बघितलं तर बोट लावूनही हे सूर येत नव्हते. आधीच्या मालकाने टोप्यांवर जाड चिकटपट्टी गुंडाळून वाद्यांची नावं लिहिली होती. पट्टीमुळे बोटाचा स्पर्श टोपीपर्यंत पोचतच नव्हता. आठही पट्ट्या सोलल्या, नावं टोप्यांच्या खाली डब्यावर चिकटवली, आणि भांडण मिटलं.

आता काका दर रविवारी दुपारी येतात. थरथरणारा हात मोठ्या पट्टीवर टेकला की बराच स्थिर होतो, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. अकरा कॅसेट झाल्यात. परवा एका भजनात ते मधेच थांबले आणि म्हणाले, “इथे हिचा श्वास ऐकू येऊ दे. ती हसली होती इथे.” मी तिथे गायकाचा आवाज कमी केला असता.

सनई आहे, पेटी नाही

तहाचं कौतुक केलं, तर त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. १९९१ साली मिडीत १२८ वाद्यांची एक यादी ठरली, जनरल मिडी. म्हणजे अमुक नंबर सांगितला की कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर तेच वाद्य वाजावं. त्या यादीत १०५ वर सतार आहे आणि ११२ वर चक्क सनई. स्पेलिंगही ‘शनाई’! पण तबला नाही, तंबोरा नाही, आपली पेटी नाही. त्यातल्या त्यात जवळचा २१ नंबरचा रीड ऑर्गन, म्हणजे संगीत नाटकातल्या पायाच्या ऑर्गनचा भाऊ.

दुसरी गोष्ट मींडेची. पिच बेंड पूर्ण चॅनेलला लागतो. एक सूर वाकवला की त्या चॅनेलवरचे सगळे वाकतात. तंबोऱ्याचा षड्ज स्थिर ठेवून वर मींड घ्यायची तर दोन चॅनेल लागतात. २०१८ मध्ये एमपीई नावाची भर पडली. त्यात प्रत्येक सुराला आपापलं चॅनेल देऊन तो वेगळा वाकवता येतो. २०२० च्या जानेवारीत मिडी २.० चे नियम मंजूर झाले. त्यात सात बिटांच्या जागी कंट्रोलला ३२ बिट आहेत, सूर एकेकटा वाकवता येतो, आणि दोन यंत्रं आधी एकमेकांना ‘तुला काय काय येतं?’ असं विचारू शकतात. समोरचा जुना असला तर नवा मुकाट्याने १९८३ ची भाषा बोलतो. घरात आजी असली की नातवंडांनी मराठीत बोलायचं, तशातला प्रकार.

म्हणजे दारं उघडताहेत. त्यातून आपलं संगीत नेणारं कुणीतरी हवं. आपल्या मंडळात कोडिंग करणारी मुलं आहेत आणि गाणं शिकणारीही आहेत. कित्येकदा ती एकच मुलं असतात. त्यांना पुढच्या उन्हाळ्यात हा डबा उघडून दाखवायचा माझा विचार आहे.

आणि एक विनंती. मंडळाचे जुने कार्यक्रम कुणाच्या गॅरेजमध्ये कॅसेटवर पडले असतील तर आम्हाला द्या. टेप उन्हात आणि दमटपणात खराब होते. मशीन अजून चालतंय, डबा चालतोय, काकांचे कान शाबूत आहेत. रविवारी दुपारी घेऊन या, चहा आमच्याकडे.

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!